इंजिन चालू, काचा बंद

आमच्या आखाती उन्हात, अल नहदात, गाडी बंद करून वाट बघायची पद्धतच नाही. किराणा दुकानाखाली उभी असो, नाहीतर कॅफेटेरियापुढे करक चहासाठी हॉर्न वाजवून थांबलेली असो, इंजिन चालू, एसी चालू, काचा वर. आमची ईश्वरी अशाच गाडीच्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली. तिने काच जरा खाली केली की मी ओरडायचे, "गारवा जातोय सगळा!" तेव्हा त्या शनिवारी मी जे केलं ते काही जगावेगळं नव्हतं. पण केलं मीच, हे आधीच सांगून टाकते.

ईश्वरी कॅनडात आहे, ओन्टारियोच्या पार उत्तरेला. तिथल्या लहानशा हॉस्पिटलात एक्स-रे काढते. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा घरी येणार होती. विमानतळ तिच्या गावापासून तीन तासांवर, आणि नेमका आदल्या दिवशी बर्फाच्या वादळाचा इशारा आला. गरज नसेल तर प्रवास टाळा, असं तिकडचे लोक स्वच्छ सांगत होते. माझे यजमान सूर्यकांत म्हणाले, "थांबू दे तिला. फ्लाइट काय, दुसरी मिळेल." मी म्हटलं, "तुमचं काय जातंय बोलायला? मी सुरमई आणून ठेवलीय." आणि लेकीला फोन करून सांगितलं, रस्ते बंद व्हायच्या आत नीघ.

इथून व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, त्यामुळे आमची सगळी माया बोटीम नावाच्या ॲपवरून चालते. शनिवारी दुपारी साडेचारला बोटीम वाजलं. तिकडे सकाळचे साडेसात, अजून धड उजाडलंही नव्हतं.

"ममा, डोन्ट पॅनिक."

मुलांनी अशी सुरुवात केली की आईने काय समजायचं ते समजतेच. गाडी घसरून रस्त्याकडेच्या खोलगट जागेत गेली होती आणि मागच्या बाजूने बर्फात रुतली होती. समोर सगळं पांढरं, बॉनेटसुद्धा दिसेना. पोलिसांना फोन लागला होता. आधी बर्फ काढणारा ट्रक निघेल, दोन-तीन तास लागतील, गाडी सोडू नकोस, असं ते म्हणाले होते.

"लागलं नाही ना कुठे?"

"नो, आय ॲम फाइन. इंजिन चालू आहे, हीटर चालू आहे."

"आणि काचा?"

"फुल्ली क्लोज्ड."

"शाबास! मुळीच उघडू नकोस. किती आहे बाहेर?"

"मायनस सव्वीस."

 घाबरलं की मला जास्तच बोलायला येतं. शेजारच्या एडनाने वसईहून तिच्यासाठी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणलीत ते सांगितलं, लिफ्ट पुन्हा बिघडली ते सांगितलं. ती हं, हं करत होती. मग म्हणाली, "ममा, डोकं खूप दुखतंय. अँड आय ॲम सो स्लीपी."

"दुखणारच. पहाटे चारला उठलीस, पोटात काही नाही. सीट मागे कर आणि झोप जरा. मी आहे फोनवर." असं म्हणून मी एडनाच्या सुनेचं सांगायला घेतलं.

सूर्यकांत एका कंपनीच्या स्टाफबसेस सांभाळतात. जबल अलीला ऑफिस, हाताखाली चाळीस ड्रायव्हर. घरी असले तरी बाल्कनीत उभं राहून त्यांचं हिंदीतून ओरडणं आणि अरबीतलं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला लवकर, चालूच असतं. सुट्टीच्या दिवशी तो आवाज ऐकून माझं टाळकं सटकतं. लेकीची गाडी अडकल्याचं मी त्यांना खुणेने सांगितलं होतं, पण सातच्या शिफ्टच्या बसेस निघायच्या होत्या. ते फोन संपवून आत आले, डोकं दुखतंय म्हणून तिला झोपायला सांगितलंय एवढं मी म्हटलं आणि ते दारातच थबकले.

"डोकं दुखतंय म्हणाली?" त्यांनी माझ्या हातातून फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. "ईश्वरी! इंजन बंद कर! अभी के अभी!"

"बाबा, आय विल फ्रीझ..."

"बंद बोला तो बंद! खिडकी खोल, दोनों तरफ! बहस बाद में!"

पोटच्या पोरीशी ड्रायव्हरच्या हिंदीत! मी फोन परत घ्यायला धावले. "अहो, मारायचंय का तिला थंडीने?" त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

काच खाली आल्याचा आवाज आला, आणि मग नुसता वारा. तेव्हा ते मराठीत आले. "बाळा, ऐक. तुझा सायलेन्सर बर्फात बुजलाय. इंजिनाचा विषारी गॅस आत येतोय. त्याला वास नसतो, तो दिसत नाही, नुसती झोप येते. आता उतर, मागे जा आणि बर्फ काढ. एक हात गाडीवरून उचलायचा नाही. गाडी हातची सुटली तर तुला परत सापडणार नाही."

ती उतरली. फोन सीटवर होता. आम्ही दोघं त्या वाऱ्याचा आवाज ऐकत उभे होतो आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं, झोप जरा. किती वेळ गेला देव जाणे. परत आली तेव्हा धापा टाकत होती. ओकारी झाली म्हणाली. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाने उकरून सायलेन्सर मोकळा केला होता.

मग सूर्यकांतनी तिला रीतसर ड्यूटीवरच लावलं. बॅगेतले सगळे कपडे अंगावर चढव. तासातून दहाच मिनिटं इंजिन, तेही आधी सायलेन्सर बघून आणि काच दोन बोटं खाली ठेवून. हातपाय हलवत राहा. बॅटरी वाचव, आता फोन नाही. दर दहा मिनिटांनी मेसेज: नाव, जागा, तब्येत. धुक्यात अडकलेल्या ड्रायव्हरांना ते हेच करायला लावतात. या प्रकाराची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे.

पाच वीसला मेसेज आला. "ईश्वरी. गाडीत. डोकं कमी." साडेपाचला आला. पाच चाळीसला आला नाही.

मी फोन लावायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "पाच मिनिटं द्यायची असतात." आवाज अगदी शांत होता, पण माझं मनगट काही ते सोडेनात. हा माणूस माझ्याइतकाच घाबरलाय, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या फोनवर ड्रायव्हरांचे कॉल येत होते आणि ते एकेक कापत होते.

पाच सत्तेचाळीसला मेसेज आला, "सॉरी. बोटं बधिर. टाइप होत नव्हतं." मी देवापुढे नाही, फ्रीजपुढेच हात जोडले. जवळ तोच होता.

सात वाजून पाच मिनिटांनी आलं: "ईश्वरी. बर्फाच्या ट्रकमध्ये. ड्रायव्हरने सूप दिलं. ओके."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. मग म्हटलं, "मीच तिला नीघ म्हटलं. मीच तिला झोप म्हटलं. तुम्ही आत आला नसतात तर..." आता ऐकून घ्यायची तयारी केली होती. त्यांनी काहीही बोलावं, माझी चूकच तेवढी होती.

ते माझ्याशेजारी फरशीवर बसले. "अनु, मीपण म्हटलं होतं. बाबाजीला."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबाजी त्यांचा ड्रायव्हर, नाशिककडचा. साइटच्या कच्च्या रस्त्यावर त्याची पिकअप मागून रेतीत रुतली. डोकं दुखतंय, असा फोन त्याने सूर्यकांतना केला. "मी म्हटलं, ऊन लागलंय. एसी लाव, काचा वर घे, पड थोडा. दुसऱ्या ड्रायव्हरने जाऊन काच फोडली, म्हणून वाचला. आता गावी आहे, बरा आहे. पण झोप असं मी सांगितलं होतं त्याला."

"आणि घरात कधी बोलला नाहीत?"

"काय सांगणार होतो?"

सहा वर्षं हे ओझं एकट्याने वाहिलं आणि मी त्यांच्या फोनवरच्या आरडाओरड्यावरून भांडत राहिले. मला फार लाज वाटली. मी त्यांचा हात हातात घेतला.

साडेआठला ईश्वरीने व्हिडिओ कॉल केला. हॉस्पिटलात होती, नाकाला ऑक्सिजन, गाल लालबुंद. संध्याकाळपर्यंत सोडतील, रस्ते उघडले की मंगळवारची फ्लाइट घेईन, म्हणाली. बाबांशी बोलली. मग मी फोन घेतला. पोरीपासून हे लपवायचं नाही, असं ठरवलंच होतं.

"बाळा, मी तुला झोप म्हटलं. फार मोठी चूक झाली माझी. तू झोपली असतीस तर..."

"झोपणार कशी?" ती म्हणाली. "यू टोल्ड मी टू स्लीप, अँड देन यू डिडन्ट स्टॉप टॉकिंग! माझे डोळे मिटत होते, ममा, आणि तू आपली एडना आंटीच्या सुनेचं सांगतेयस. मला वाटत होतं, हिचं संपू दे, मग झोपते. अँड यू जस्ट वुडन्ट फिनिश."

मी तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं सगळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलेली बाई मी, आणि आता बोलायची वेळ आली तर तोंडून शब्द फुटेना.

"ममा?" ती तिकडून म्हणाली. "बोल ना काहीतरी."