अठ्ठ्याऐंशी नंबरचा अंगठा

विद्यापीठाचा कोच टिलरी पोराला बघायला घरी येणार म्हटल्यावर डार्सी व्लासाकनं दोन कामं केली. जर्दाळू भरून कोलाचे, म्हणजे गोड पाव, भाजले आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला पांढरा रंग फासला.

कोलाचे नेब्रास्कातल्या कुठल्याही घरात झाले असते. रंगाची गोष्ट वेगळी. मुलाच्या, कोल्बीच्या, दर वाढदिवसाला त्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती, आणि सगळ्यात वरची, सतराव्या वाढदिवसाची रेघ सहा फूट तीन इंचांवर थांबली होती. शाळेच्या यादीत मात्र कोल्बी सहा फूट पाच. हे वरचे दोन इंच देवानं नव्हे, शाळेचा कोच ह्रुष्का यानं दिलेले. ह्रुष्का मनाचा मोठा. गावातल्या एकाही पोराला त्यानं खऱ्या उंचीवर ठेवलं नव्हतं.

कडेवर कोल्बीला घेऊन डार्सीनं स्वतःचं कॉलेज पुरं केलं होतं. पेपरात एक डोळा प्रश्नावर आणि दुसरा पाळण्यावर. पोरानं तरी चार वर्षं फुकट शिकावं, फुकट राहावं, आणि मुख्य म्हणजे फुकट खावं, एवढीच तिची मागणी होती. टिलरीच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात यंदा टाइट एंडची एकच जागा उरली होती. टाइट एंड म्हणजे ओळीच्या टोकाचा गडी. अर्धा हमाल, अर्धा झेलकरी. एका खेळीत समोरच्याला ढकलत न्यायचं, पुढच्या खेळीत त्यालाच चकवून पुढे पळायचं आणि चेंडू झेलायचा. कोल्बीला दोन्ही येत होतं. निदान आईला तरी तसं वाटत होतं.

टिलरी आला तो आधी तिच्या पायांकडे बघत.

"कितीचा जोडा घालता, मॅडम?"

"दहाचा," डार्सी म्हणाली आणि पाय टेबलाखाली ओढून घेतले.

"म्हणजे पोरगा अजून थोडा वाढेल," असं पुटपुटत त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. डार्सी गुरांच्या दवाखान्यात काम करायची. लिलावाच्या दिवशी वळूभोवती फिरणारी गिऱ्हाइकं तिनं पुष्कळ पाहिली होती. खुरं बघतात, दात बघतात, आणि आवडला तर तोंडानं एक शब्द काढत नाहीत. टिलरीनं कोल्बीची मनगटं दाबली, पंजा उलगडून मोजला, आणि एक शब्द काढला नाही. तिला बरं वाटलं.

मग तो आरामात चौकटीला टेकला. सरळ झाला तेव्हा कोटाची बाही पांढरी झाली होती. टिलरी बाहीकडे बघत राहिला.

"या महिन्यात चार घरं केली," तो म्हणाला. "त्यातल्या तिघांनी चौकट नुकतीच रंगवलेली. सहा-तीन ना?"

"सहा-तीन," कोल्बी कोलाचेच्या आडून म्हणाला. त्याचा तो सहावा होता.

"ठीक. आम्ही सगळ्यांचेच दोन इंच कापतो. तुम्ही खरं लिहिलं असतं तर मी सहा-एक धरून कागद टोपलीत टाकला असता."

डार्सीनं आयुष्यात पहिल्यांदा ह्रुष्काला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. तो फार वेळ टिकला नाही. ह्रुष्कानं पाठवलेली चित्रफीत टिलरीला पसंत पडली नव्हती. त्यात वरून ढणढण गाणं, आणि खाली कोल्बीचे झेल, झेल आणि झेल. एवढी काटछाट करून दाखवलं तर माझा कुत्राही भरती होईल, असं त्याचं म्हणणं. चेंडू दुसरीकडे असतो तेव्हा हा पोरगा काय करतो, ते त्याला हवं होतं. आणि गावातले सगळे कॅमेरे तर चेंडूच्या मागे धावतात.

एक धावत नव्हता. डार्सीचा फोन. चार वर्षांत तिनं चेंडू असा पाहिलाच नव्हता. ती फक्त कोल्बीला बघायची, तो उठतो की नाही एवढंच.

"मॉम, ते नको," कोल्बी म्हणाला. त्याला त्या फितींतला आवाज ठाऊक होता.

पण एक जागा म्हणजे एक जागा. डार्सीनं टीव्ही लावला. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी नंबरचा कोल्बी समोरच्या पोराला रेटत मैदानाबाहेर, पार पाण्याच्या टेबलापर्यंत घेऊन गेला, त्याला टेबलासकट पाडलं आणि हात देऊन उठवलं. मागून डार्सीचा आवाज पंचाला विचारत होता की चष्मा कुठे गहाण टाकलाय, मेल्या. त्याच दमात ती मेरीमातेला साकडं घालत होती आणि ह्रुष्काला शेणात लोळवत होती. टिलरीच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. सहा खेळ्या त्यानं मान डोलवत पाहिल्या. सातवीला मान थांबली. त्यानं फीत मागे घ्यायला लावली. परत मागे. दातकोरणीनं पडद्यावर काहीतरी मोजत बसला.

"हा अंगठा कुणाला दाखवतो?"

मग डार्सीनंच सांगितलं. तिसरीत कोल्बीच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून करार होता. टक्कर होणार असली की त्यानं आधी तिच्याकडे बघून, कमरेजवळ हात धरून अंगठा दाखवायचा. घाबरू नकोस म्हणून.

"आणि चेंडू झेलायला पळायचं असलं की?"

"तेव्हा कशाला? तेव्हा टक्कर नसते."

बोलता बोलताच तिला कळलं आणि हातातली बशी तिनं खाली ठेवली. अंगठा दिसला की हा ढकलणार, म्हणजे चेंडू दुसरा कुणीतरी पळवत नेणार. नाही दिसला की चेंडू याच्याकडे येणार. चार वर्षं तो अंगठा बघून ती सुटकेचा श्वास टाकत होती, आणि ज्याला डोळे होते असा प्रत्येक विरोधी कोच तोच अंगठा बघून आपली माणसं उभी करत होता. मागच्या मोसमातले तीन पराभव ह्रुष्कानं वाऱ्याच्या नावावर खपवले होते.

टिलरीनं शब्द जपून वापरले. शुक्रवारी मॅचला येतो, म्हणाला. अंगठा दिसला नाही तर जागा याची. दिसला तर मी दुसऱ्या काउंटीतल्या पोराकडे. कोल्बीनं शपथ घ्यायला तोंड उघडलं.

"तू गप. तुझ्या हातात नाही ते," टिलरी म्हणाला. "तो तुम्हाला शोधतो, मॅडम. तुम्ही सापडू नका."

शुक्रवारी डार्सी पाहुण्यांच्या बाजूला बसली, शत्रूच्या नारिंगी टोपीत, नाकापर्यंत घोंगडी ओढून. घरच्या बाजूला तिच्या जागेवर नवरा डेल होता. मक्याच्या कापणीवरून तसाच आलेला, पहिल्या पाच मिनिटांत पेंगायला लागलेला. कोल्बीनं पहिल्या खेळीला तिकडे पाहिलं. अंगठा अर्धा वर आला, झोपलेल्या बापाला बघून खाली गेला. त्यानंतर आलाच नाही. खाली कुंपणापाशी टिलरी वही घेऊन उभा होता.

शेजारच्या जाडजूड बाईनं डार्सीला आपल्या डब्यातली चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि वर दालचिनीचा रोल दिला, आणि अठ्ठ्याऐंशी नंबरचा उद्धार सुरू केला. रेडा आहे नुसता, म्हणाली. डार्सी चिली गिळत राहिली.

तिसऱ्या सत्रात त्या रेड्याच्या गुडघ्याशी कुणीतरी घुसलं आणि तो आडवा झाला. डार्सी अर्धी उठली.

"बस ग," बाई तिला खाली ओढत म्हणाली. "नाटकं करतंय मेलं."

डार्सी बसली. ओरडू नये म्हणून अख्खा रोल तोंडात कोंबला. कोल्बी उठला, दोन पावलं लंगडला, पुढच्या खेळीसाठी ओळीच्या टोकाला गेला. मग त्यानं मान वळवली. डेलकडे नाही. इकडे, पाहुण्यांच्या बाजूला, नारिंगी टोप्यांच्या रांगेवरून नजर फिरवत, आणि ती नेमकी तिच्यापाशी थांबली. कमरेजवळचा हात वळला. अंगठा वर.

संपलं, डार्सीच्या मनात आलं. टिलरीची वही मिटली.

समोरच्या संघातला एक पोरगा अंगठ्याकडे बोट दाखवून ओरडला, आणि त्यांची माणसं ढकलाढकलीसाठी मधे धावली. कोल्बी ढकलायला थांबलाच नाही. तो त्यांच्यामधून निसटला, मोकळ्या मैदानात एकटाच पोचला आणि अलगद आलेला चेंडू झेलून, वाटेत कुणी नसल्यानं जरा ओशाळल्यासारखा, रेषेपार गेला.

"कुठल्या आईनं जन्माला घातलं हे बेणं?" शेजारची बाई म्हणाली.

"मी," डार्सी म्हणाली, आणि तोंडातला रोल बाईच्या घोंगडीवर पडला.

मॅच संपल्यावर टिलरी पायऱ्या चढून आला. बाहीवर अजून पांढरा डाग होता.

"अंगठा दिसला," तो म्हणाला.

डार्सीनं मान खाली घातली.

"चार वर्षं लोकांना खोड लावायची आणि आज त्याच खोडीत पकडायचं. ही अक्कल शिकवून येत नाही. सोमवारी पत्र पाठवतो."

डार्सीला ती नजर आठवली, टोप्यांच्या रांगेवरून आई हुडकत आलेली. डावपेच होता, की लंगडणाऱ्या पोरानं आईला 'ठीक आहे मी' एवढंच सांगितलं होतं? तिला उत्तर पक्कं ठाऊक होतं. पण लिलावात हातोडा पडल्यावर वळूबद्दल जास्त बोलायचं नसतं, हे ती दवाखान्यात शिकली होती.

"लहानपणापासूनच हुशार," ती म्हणाली.