पाय कुणी पाहिला?

"एवढं एक वाक्य मागे घ्या, मॅडम. बाकीचं पत्र राहू द्या हवं तर," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले.

टेबलावर होमिओपॅथी संघटनेचं मासिक त्या छापून आलेल्या पत्रापाशी उघडं होतं. त्या वाक्याखाली कुणीतरी पेन्सिलीने रेघ ओढली होती : 'दोन तास तिला स्वप्नं विचारली, सुजलेल्या पायाला मात्र कुणी हात लावला नाही.'

"खोटं आहे का ते?" लक्षणबाईंनी विचारलं.

हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पंचवीस वर्षं दर रविवारी सकाळी त्या संघटनेचा वर्ग घेत आल्या होत्या. रोग्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहा, मग जाड ग्रंथात एकेक लक्षण शोधा, घाई करू नका, असं त्यांचं शिकवणं. मग नवे सर आले. रोग्याला सगळ्यांसमोर बसवून ते त्याचे हातवारे बघत, स्वप्नं विचारत आणि त्यावरून औषध ठरवत. त्यांचा वर्ग खच्चून भरू लागला. बाईही मागच्या बाकावर बसून आल्या. 'इतकं गप्प राहून ऐकणं मला कधी जमलं नाही,' असं घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

पण पत्रातल्या त्या दिवशी सरांसमोर एक शिंपीण होती. वर्ग सुटल्यावर जिन्यात ती कठडा धरून थांबली, तेव्हा बाईंनी तिची पोटरी दाबून पाहिली. बोटाचा खळगा तसाच राहिला. तिला घेऊन त्या तडक इस्पितळात गेल्या. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

"खोटं कोण म्हणतंय?" अध्यक्षांचा आवाज चढला. "पण पत्र वर्तमानपत्रवाल्यांच्या हाती लागलं. आता लोक आपल्या सगळ्यांनाच हसताहेत. काल दवाखान्यात दोघं आले, ते औषधाला नाही, चेष्टा करायला! घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलंत तुम्ही."

"भांडण नव्हतं हो. पाय होता तो."

कुणीतरी हसू दाबलं. मग हात वर झाले, आणि बाईंचा रविवारचा वर्ग बंद करायचं ठरलं. नव्या सरांनी हात वर केला नाही. पण तोंडही उघडलं नाही.

दोन दिवसांनी ते बाईंच्या दवाखान्यात आले. रोग्यांच्या बाकावर बसून राहिले आणि नंबर लागल्यावरच आत गेले.

"मॅडम, मला तो पाय दिसलाच नाही. मी तिच्या हातांकडे बघत होतो."

"दिसत होतं मला. छान ऐकता तुम्ही. म्हणूनच जास्त राग आला."

"मला वाटलं, माझ्या वर्गातली गर्दी तुम्हाला सलते."

"सलते ना. खोटं कशाला बोलू? पण पत्र त्यासाठी नव्हतं लिहिलं."

सर म्हणाले, "यापुढे आधी तपासणी, मग बोलणं. वर्गात तसं सांगणार आहे. तुमचं नाव घेऊन."

"नाव राहू द्या. तपासणी तेवढी करा."

"आणि ते वाक्य? मागे घेतलंत तर अध्यक्ष वर्ग परत देतील. मी बोलतो त्यांच्याशी."

"नको. पत्र आहे तसं राहील."

सर उठले. दारापाशी घुटमळले, नमस्कार करून गेले. बाईंनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

रविवारी त्या नेहमीच्या वेळेला उठल्या आणि आवरूनही बसल्या. नवऱ्याने चहा आणून ठेवला. एरवी अर्धा कप घशाखाली ढकलून त्या जिना उतरलेल्या असायच्या. आज सावकाश, तळापर्यंत प्यायल्या.

"अगंबाई, शेवटी एवढी साखर असते?"

"पंचवीस वर्षं असते," नवरा म्हणाला. "तू ढवळायला थांबलीस कधी?"

बाई हसल्या. मग चमचा उचलून त्या रिकामा कप बराच वेळ ढवळत राहिल्या.