वास येतो म्हणजे

मी गॅसची नळी बोलतेय. माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष तव्यावरच्या भाकरीकडे. पण आज मला सगळं सांगून टाकायचंय. माझ्या अंगाला पडलेली चीर बोटाच्या पेराएवढी झाली आहे, आणि समोरच्या पोरीच्या हातात आगपेटी आहे.

कारंज्याच्या एका दुकानात मी गुंडाळी होऊन पडले होते. कामरगावच्या विमलबाईंनी मला दीड मीटर कापून घेतलं. तेव्हा मी छान नारिंगी होते. मला कधी बदलायचं ते सालही माझ्या अंगावर छापलेलं होतं.

विमलबाई आणि त्यांचे मालक, दोघंही मजुरीला जायचे. घर चालायचं ते काटकसरीवर, आणि काटकसर करावी तर विमलबाईंनीच. डाळ तासभर भिजल्याशिवाय गॅसवर चढायची नाही. पातेल्यावर झाकण हवंच. भात होत आला की गॅस बंद, उरलेलं काम वाफेचं. अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर, तुराट्यांच्या जाळावर. एक काडी ओढली की तिच्यावरच दुसरा बर्नर पेटायचा. साबणाची झिजलेली चिपही त्या नव्या वडीला चिकटवायच्या. सिलेंडर लावलं की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायच्या आणि ते किती दिवस पुरलं ते शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. मला त्यांचा अभिमान वाटायचा. खरं सांगते, अजूनही वाटतो.

चूक एकच झाली. शेगडीच्या धगीनं माझं तोंड कडक होऊन चिरायचं. मग विमलबाई विळीवर तेवढा तुकडा कापायच्या आणि मला परत बसवायच्या. पहिल्या वेळी मलाही बरं वाटलं, म्हातारीचे पिकले केस कापल्यासारखं. पण दरवेळी मी दोन बोटं आखूड व्हायचे आणि सिलेंडर आगीच्या तेवढं जवळ सरकायचं. रोज पुसून पुसून ते छापलेलं सालही केव्हाच गेलं.

वास यायला लागला की त्या म्हणायच्या, सिलेंडर संपत आलं. आमच्याकडे सगळ्याच बाया असं म्हणतात, कधीमधी ते खरंही निघतं. मग त्या सिलेंडर आडवं पाडून उरलासुरला गॅस वापरून घ्यायच्या. वास माझा होता. मला बोलायला दुसरं तोंड नव्हतं.

त्यांची मुलगी धम्मदीपा वाशिमला नर्सिंग शिकते. ती सुट्टीत आली आणि वासानं दारातच थांबली. तिनं साबणाचा फेस करून मला लावला. फुगे आले ते तोंडाशी नाही, माझ्या मधोमध, रोज दुमडत होते तिथं. तिनं त्याच दिवशी नवी नळी आणली आणि ही जुनी फेकून दे म्हणून आईला बजावलं. विमलबाई हो म्हणाल्या. मी सुटले असं मला वाटलं. उकिरडा मला आनंदानं चालला असता.

पण त्या घरातून कधी काही फेकलं गेलंय का? धम्मदीपा वाशिमला परतली आणि मी धुऊन-पुसून खिळ्यावर टांगले गेले.

पंधरा दिवसांनी विमलबाईंची भाची रत्नमाला आली. नवं लग्न, जऊळक्याला भाड्याची एक खोली. सासरहून जुनी शेगडी आणि भरलेलं सिलेंडर मिळालं होतं, नळी तेवढी नव्हती.

"ने हे," विमलबाई म्हणाल्या. "तोंडच चिरलं होतं, ते कापलं म्या. बाकी धड हाये. नवी कायले घेतं?"

सोबत त्यांनी आपली सगळी विद्याही दिली. भिजवलेली डाळ, झाकण, कॅलेंडरवरचा गोल. "अन् वास आला का समजायचं, सिलेंडर संपत आलं."

मावशीच्या मायेनं पोरीचे डोळे भरून आले. मला तिनं पिशवीत लोणच्याच्या बरणीशेजारी जपून ठेवलं.

आज दुपारी तिनं मला बसवलं आणि रेग्युलेटर चालू करून ठेवला. कॅलेंडरवर गोल केला, डाळ भिजत घातली. बाहेर गार वारा, म्हणून खिडकी लावून घेतली. तेव्हापासून माझ्या चिरेतून गॅस खोलीभर पसरतो आहे. थांबवावं म्हटलं तरी मला थांबवता येत नाही. आता दिवस कलला आहे. तिचा नवरा प्रसेनजित संध्याकाळच्या गाडीनं येईल, त्याला चहा लागेल, म्हणून ती उठली.

आगपेटी घेतली आणि नाक वर करून थबकली.

"संपत आलं वाटते सिलेंडर," ती स्वतःशीच म्हणाली.

मावशीनं शिकवल्याप्रमाणे ते आडवं करायला ती वाकली. एका हातानं ओढलं. सिलेंडर जागचं हललं नाही. ती तशीच वाकून राहिली आहे, आगपेटी दुसऱ्या हातात.

पोरी, संपत आलेलं सिलेंडर इतकं जड असतं का? ती काडी ओढण्याआधी एकदा भिंतीकडे बघ. कॅलेंडरवरचा गोल तू आजच केलास.