हळदीसारखं औषध

दौलतरावांच्या बियाण्याच्या कारखान्यात हातमोज्यांचे बारा जोड होते, आणि ते बाराही जोड ऑफिसातल्या काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले होते. त्याच कपाटात नाकाला लावायचे मास्क होते, चष्मे होते, आणि प्रथमोपचाराची पेटी होती. पेटीत दौलतरावांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या होत्या. किल्ली हर्षलकडे. हर्षल म्हणजे दौलतरावांचा मुलगा. पुण्याला दोन वर्षं शिकून आला होता आणि येताना वडिलांना 'सर' म्हणायची सवय व भिंतीवर लावायच्या पाट्या घेऊन आला होता. 'सुरक्षा प्रथम' ही पाटी त्याने ज्या भिंतीवर ठोकली, त्याच भिंतीतला धूर-वास बाहेर फेकणारा पंखा वर्षभरापासून बंद होता. पाटीवरची धूळ मात्र तो रोज पुसून घ्यायचा.

"हातमोजे रोज वापरले त फाटतीन ना," तो बायांना समजावून सांगायचा. "अधिकारी आले की काढू आपन."

बायांचे हात फाटले तर काय, हे बहुधा पुण्यात शिकवलं नसावं.

मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाताना रस्त्याला लागूनच हा कारखाना. सोयाबीन चाळून, निवडून, मोठ्या फिरत्या ड्रममध्ये त्याला औषध चोळायचं आणि पिशव्यांत भरायचं, हे तिथलं काम. औषधाचा रंग लालभडक. कोणी चुकून ते बी खाऊ नये म्हणून तो रंग असतो. शेतकऱ्यानं खाऊ नये म्हणून एवढी काळजी, आणि ते चोळणाऱ्या चौदा बाया त्याच हातांनी दुपारची भाकर मोडायच्या. हात धुवायला नळ होता. नळाला पाणी नव्हतं.

दौलतराव स्वतः औषधाच्या खोलीत कधी शिरत नसत. दारात उभे राहत, नाकाला रुमाल लावत, आणि रुमालाआडून बोलत : "काई होत नाई वो बाया हो. हळदीसारखं औषध हाय हे. उलट कातडी चांगली राह्यते."

संगीता तिथे चार वर्षांपासून कामाला होती. अनसिंग गावची लेक, इकडे दिलेली. दहावी पास असल्यामुळे बाया आपली कागदपत्रं तिच्याकडून वाचून घेत. घरी नवऱ्याची एकरभर बागायत, वांगी-मिरचीची. फवारणीच्या डब्यांवरचा त्रिकोण तिला लहानपणापासून माहीत होता. हिरवा त्रिकोण म्हणजे त्यातल्या त्यात बरा, निळा-पिवळा त्याहून कडक, आणि लाल असला की बाप पोरांना वावरातून हाकलून द्यायचा.

त्या वर्षी मे महिन्यात दौलतरावांनी नवं औषध आणलं. मागच्या हंगामातलं पडून राहिलेलं बी किडलं होतं. ते फेकण्याऐवजी त्यातले किडे मारून ते पुन्हा नव्या पिशवीत भरावं, असा त्यांचा विचार. औषध पातळ होतं, कॅनमध्ये आलं होतं, आणि झाकण उघडताच डोळ्यांतून पाणी यायचं. संगीतानं कॅन फिरवून पाहिला आणि ती सरळ ऑफिसात गेली.

"हर्षलभाऊ, हे लाल तिरकोनाचं हाय. हे उभ्या पिकावर मारायचं हाय, ड्रममंधी नाई. पंखा बी बंद हाय."

"नोट केलं," हर्षल म्हणाला. मोबाइलवरून मान वर न करता.

"नोट करून काय होते? हातमोजे तरी द्या."

"संगीताबाई, तुमाले शिकल्याचा लय माज आला." हे दौलतराव. ते मागच्या खुर्चीत कलिंगड खात होते. "ज्याले जमत नसन त्यानं घरी राहावं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून फोन केला त पन्नास बाया उभ्या राह्यतात."

त्या तांड्यावरचीच भुरीबाई ड्रमवर होती. दांडगी बाई, कधी आजारी पडली नव्हती. नवरा भाऊसिंग दर वर्षी तिला घेऊन ऊसतोडीला जायचा, आणि तिने यंदा पहिल्यांदाच हट्ट करून त्याला सांगितलं होतं की मी इथंच काम पाहते, सावलीतलं हाय. ही सावली म्हणजे टिनाचं छप्पर. दुपारी खाली उभं राहिलं की केसांतून वाफ निघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी भुरीबाईच्या तोंडातून लाळ गळायला लागली. आधी तिने पदरानं पुसली. मग म्हणाली, "संगीता, मले सारं पुसट दिसून राह्यलं व." एवढं म्हणून ती ओकली आणि ड्रमच्या पायाशी कोसळली. अंग घामानं निथळत होतं, पण हात थंडगार.

बायांनी तिला ओढत बाहेर आणलं. पिण्याच्या माठातलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. हर्षल धावत आला, तिला पाहिलं, आणि सरांना विचारायला परत धावत गेला. दौलतराव आले. आठ हात लांब थांबले.

"ऊन लागलं तिले," त्यांनी तिथूनच निदान केलं. "लिंबूपानी पाजा."

"ऊन नाई मालक, औषध चढलं! गाडी काढा तुमची," संगीता ओरडली.

दौलतरावांची पांढरी गाडी समोर सावलीत उभी होती. त्यांनी गाडीकडे पाहिलं, भुरीबाईच्या ओकारीनं भरलेल्या लुगड्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मालाचा ऑटो हाय ना मांगं. त्यात मोकळी हवा लागन तिले." मग आवाज उतरवून : "अन् दवाखान्यात काय सांगायचं, समजलं ना? ऊन."

सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांवर टाकून संगीतानं भुरीबाईला मंगरूळपीरला नेलं. दवाखान्यात डॉक्टर संघदीप ड्यूटीवर होते. ऑटोवाल्यानं दारातच मालकाचं 'ऊन' सांगून टाकलं होतं. त्यांनी तिच्या पापण्या उघडल्या, बॅटरी मारली, आणि संगीताकडे वळले.

"ऊन लागलं म्हणून कोणी सांगितलं?"

"मालकानं."

"मालक डॉक्टर आहे का? उन्हानं डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत नाहीत. ही विषबाधा आहे." त्यांनी सिस्टरला इंजेक्शन भरायला लावलं. "मी सुरू करतो. पण कोणतं औषध होतं ते नक्की कळलं पाहिजे. पुढचं इंजेक्शन त्यावर ठरेल. लेबल आणा, कॅन आणा, काहीही आणा."

संगीतानं हर्षलला फोन लावला. "औषधाचं नाव सांगा लवकर, डॉक्टर विचारून राह्यले."

पलीकडे हर्षल आधी वडिलांना विचारून आला. मग हर्षल म्हणाला, "सर म्हणतात, तू ऊन सांग." आणि फोन बंद.

पुढचे तीन फोन त्याने उचललेच नाहीत. संगीता त्याच ऑटोत बसून परत निघाली. रस्ता पंधरा-वीस मिनिटांचा. ती देवाचं नाव घेत नव्हती, शिव्या घालत होती. ऑटोवाला नंतर सगळ्यांना सांगायचा की तसल्या शिव्या त्यानं जन्मात बाईच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या.

कारखान्यात पोचली तेव्हा मागच्या अंगणात चूल पेटवल्यासारखा धूर होता. एक बाई मरणाशी झुंजत असताना वर्षभर काहीच न करणारा हर्षल कमालीच्या चपळाईनं काम करत होता. कॅनवरची लेबलं सोलून तो आगीत टाकत होता. हातांत त्याच्या हातमोजे होते. कपाटातले, कोरे.

संगीतानं एकदाच ते हातमोजे पाहिले. मग भिंतीशी लेबलासकट उभा असलेला एक कॅन उचलला, पोत्यात गुंडाळला आणि चालू लागली.

फाटकात दौलतराव आडवे आले. रुमाल या वेळी हातात होता. "संगीता, कुठं चालली? तो माल हाय माहा."

"दवाखान्यात नेतो. पायजे त संगं चाला."

"हे पाय बाई, तिले काई होत नाई. तांड्याच्या बाया कडक असतात. पन हे नाव बाहेर गेलं त कारखाना बंद पडन. चौदा घरांच्या चुली विझतीन. समज."

"चुली आमच्या हायत, आमी पाहू. बाजूले व्हा."

"चोरी होते ही!"

"व्हय. करा पोलिसात कम्प्लेट. मी बी तिथंच सांगतो कायची चोरी केली ते."

दौलतराव आडदांड माणूस. तिला सहज अडवू शकले असते. पण अडवायचं तर कॅनला हात लावावा लागला असता, आणि त्यावर औषध सांडलेलं होतं. हळदीसारखं औषध. ते दोन पावलं मागे सरकले.

डॉक्टरांनी लेबल वाचलं, कोणाला तरी फोन केला, पुढचं औषध दिलं आणि संध्याकाळी भुरीबाईला अकोल्याला हलवलं. नऊ दिवस तिच्या नाकात नळी होती. दहाव्या दिवशी तिने भाऊसिंगला ओळखलं आणि कढी मागितली.

डॉक्टरांनी विषबाधेची नोंद करून वर कळवलं होतं, त्यामुळे तपासणीला निरीक्षक मॅडम आल्या. त्या दिवशी कारखाना पाहण्यासारखा होता. पंखा नवा, नळाला पाणी, फाटकापाशी रांगोळी. कपाट सताड उघडं. हर्षल टेबलावर हातमोजे मांडून बसला होता, लग्नात आहेर मांडतात तसे. फक्त हातमोजे घालायला कोणी नव्हतं. तेरा बाया सकाळपासून बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. मालकांनी तांड्यावर फोन केला होता, तर तिथून उत्तर आलं होतं की तांड्याची बाई अकोल्यात निजून हाय, तुमीच या बी चोळाले.

"आमी सगळी साधनं देतो मॅडम," दौलतराव सांगत होते. "पन ह्या लोकाइले समजच नाई. घालतच नाईत. आता किती मांगं लागावं? अन् तसं पाह्यलं त औषध काई तेवढं वाईट नाई. हळदीसारखंच हाय."

संगीता लिंबाखालून उठून आली. ड्रमजवळ नव्या औषधाचं अर्धी बादली लाल पाणी त्या दिवसापासून तसंच होतं, उचलायला कोणी धजलं नव्हतं. तिने काठीनं बादली पुढे सरकवली.

"मंग घाला ना हात, मालक."

"काय?"

"हळद हाय ना? घाला. आमी तीन दिवस कोपरापर्यंत घालत होतो. तुमी बोटं घाला नुसती."

दौलतराव हसले. कोणी हसलं नाही. मॅडमनी वहीतून मान वर केली आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. दौलतरावांनी बादलीकडे पाहिलं, हर्षलकडे पाहिलं. हर्षल आपल्या पाटीकडे पाहत होता.

"मले कातडीची ॲलर्जी हाय," दौलतराव शेवटी म्हणाले.

बायांमधून जे हसू फुटलं ते रस्त्यावरच्या एस.टी.तल्या लोकांनीही मान बाहेर काढून ऐकलं. कोणाला हसू आवरेना, कोणाच्या डोळ्यांना त्यातच पाणी आलं.

मॅडम हसल्या नाहीत. "औषध तुमचं, यंत्र तुमचं, खोली तुमची," त्या म्हणाल्या. "धोका काय आहे ते सांगणं, साधनं हातात देणं आणि ती वापरली जातात की नाही ते पाहणं, हे सगळं मालकाचं काम आहे. बायांना समज नाही म्हणता, आणि धोका फक्त ह्यांनीच ओळखला होता." औषधाची खोली त्यांनी तिथल्या तिथे बंद केली. कॅन, लेबलांची राख आणि किडलेलं बी पंचनाम्यात गेलं.

ऐन पेरणीच्या तोंडावर कारखाना बंद राहिला. पाऊस पडून पेरण्या उरकल्यावर तो उघडला, तेव्हा पंखा चालत होता, नळ चालत होता आणि बायांना हातमोजे, मास्क मिळत होते. गणपतीत दौलतरावांनी एका व्याख्यानमालेत 'कामगार हेच माझे कुटुंब' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे पाऊण तास बोललं की टाळ्या मिळतातच.

संगीताला त्यांनी परत घेतलं नाही. बाया अडून बसायला तयार होत्या, पण तिनेच नको म्हटलं. आता ती मंगरूळपीरच्या बाजारात भाजी विकते. भुरीबाई घरी आली, पण तिचा उजवा हात थरथरतो. पूर्वी ती लेकीच्या फेटियावर, घेरदार घागऱ्यावर, आरसे टाकायची. आता सुईत दोरा जात नाही, तो लेक ओवून देते, आणि टाका वाकडा पडला की भुरीबाई उसवून पुन्हा घालते.

खटला वाशीमला उभा राहिला. तारखा पडत राहिल्या. संगीताची साक्ष झाली त्या दिवशी दौलतरावांच्या वकिलांनी तिला मोठ्या आवाजात विचारलं, "तुम्ही कारखान्यातून मालकाच्या परवानगीशिवाय कॅन नेला, खरं की नाही?"

"खरं हाय."

"म्हणजे चोरला?"

"हो, चोरला. नसता चोरला त तुमी आज मेलेल्या बाईबद्दल विचारून राह्यले असते. भुरीबाई तिथं बसली हाय. पाहून घ्या."

वकिलांनी भुरीबाईकडे पाहिलं आणि कागद गोळा केले. पुढची तारीख पडली, दिवाळीनंतरची.

दोघी बाहेर आल्या. बस स्टँडवर मानोऱ्याची गाडी लागायला वेळ होता. संगीतानं डबा उघडला, वांग्याची भाजी आणि भाकर. भुरीबाईनं डाव्या हातानं भाकर धरली, उजव्यानं मोडायचा प्रयत्न केला. हात हलला, तुकडा मांडीवर पडला. संगीता मोडून द्यायला पुढे झाली.

"राहू दे व," भुरीबाई म्हणाली. "हळूहळू जमते."

आणि तिने तो तुकडा उचलून तोंडात टाकला, पदरानं हात पुसला आणि विचारलं, "काय व, त्या वकिलाचं तोंड पाह्यलं काय तू?"