जयसिंग गायकवाडांचा सत्कार

वाघोलीतल्या सोसायटीने सव्वीस जानेवारीला जयसिंग गायकवाडांचा सत्कार ठरवला. सत्त्याऐंशी साली ते भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते. फलकावर 'लंकाविजयी वीर' छापून आलं आणि ग्रुपवर वाद पेटला.

"कुठला विजय? हात हलवत परत आलो आपण," एकाने लिहिलं.

"दुसऱ्याच्या देशात गेलोच कशाला, ते आधी सांगा. मग शाल घाला," दुसऱ्याने सेक्रेटरी योगेश यांना सुनावलं.

मग सी विंगमधल्या शांतिनीबाईंचा मेसेज आला. 'मी श्रीलंकेतल्या जाफनाची आहे. मी येणार नाही.'

जयसिंगांच्या मुलीने, आम्रपालीने, तो मेसेज त्यांना दाखवला. तिथे काय झालं, हे तिने लहानपणापासून विचारलं होतं. दरवेळी उत्तर एकच, "ऊन फार होतं." आज मात्र ते उठून चपला घालू लागले.

"पप्पा, कुठे?"

"त्या बाईंना भेटायला."

आम्रपालीही मागोमाग गेली.

"मी जयसिंग गायकवाड," दार उघडताच ते म्हणाले. "आत नाही बोलावलंत तरी चालेल. तुमचं गाव कुठलं?"

"जाफना शहराच्या बाहेर. तुमचे लोक आमच्या शाळेत राहायचे. मी नऊ वर्षांची होते."

"आम्हीपण एका शाळेत होतो. फळ्यावर अर्धवट गणित होतं. कुणी पुसलं नाही."

त्यांनी दार आणखी उघडलं. "माझ्या मामाला चौकशीला नेलं. कुठे न्यायचे हो माणसांना?"

"पुढच्या छावणीत. तिथलं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

"बसा," त्या म्हणाल्या.

चहा झाला, बोलणं संपेना. परतल्यावर जयसिंगांनी योगेशना कळवलं, "शाल नको, फलक नको. शांतिनीबाई आणि मी, आम्ही दोघं बसतो. ज्याला जे विचारायचं ते विचारू दे."

"अहो, लोक काहीही विचारतील!"

"विचारू देत."

झेंडावंदनानंतर, ग्रुपवर शालीला हरकत घेणाऱ्या गृहस्थांनीच पहिला प्रश्न केला, "मग जायला नको होतं, असंच ना?"

"मला कुणी विचारून नेलं नव्हतं," जयसिंग म्हणाले.

शांतिनीबाईंनी माईक घेतला. "सैन्य आलं तेव्हा माझ्या आईने जवानांना हार घातले होते. आमचं रक्षण करायला आलेत म्हणून. त्यामुळेच तर राग इतका आहे."

गृहस्थ खाली बसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "आई आता कुठे असतात?"

आम्रपाली खुर्ची ओढून पुढे सरकली. जिलेबी गार झाली, तरी कुणी उठलं नाही.