आजोबांची नसलेली हलगी

बॅण्डची वाट मी लावली, मी गिल्बर्टनं. बेनेडिक्ट अजून म्हणतो, आपलं नशीबच फुटकं, स्पर्धेच्या दिवशी जमलं नाही. नशीब कसलं डोंबलाचं!

एकाहत्तर साल. मरोळ गावठाणात आमच्या घरामागे भात ठेवायची खोली होती. तिथे मी आणि माझा चुलतभाऊ बेनेडिक्ट गिटारी घेऊन बसायचो. रेडिओवर ऐकलेली इंग्रजी गाणी जशीच्या तशी वाजवायची, हाच आमचा रॉक. ड्रमसेट नव्हता. वांद्र्याच्या पोरांकडे सगळं होतं आणि आम्ही त्यांची नक्कल करायचो, तीही भिकार. आमच्या कोंबड्यासुद्धा त्या खोलीत यायच्या बंद झाल्या होत्या.

मग रतन आला. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये तो ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायचा. जुन्या रेडिओचे भाग जोडून त्यानं आम्हाला अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिला. आवाज तपासायला मी गिटार छेडत होतो, तर या पठ्ठ्यानं तेलाचा रिकामा डबा पुढ्यात ओढला. उजव्या हातात जाड काठी, डाव्यात बांबूची बारीक काडी. बाप रे! काठीचा ठोका पडायचा आणि काडी मधल्या सगळ्या जागा भरत सुटायची. माझा हात आपोआप बदलला. बेनेडिक्ट इंग्रजी शब्द विसरला आणि तोंडाला येईल ते मराठीत ओरडत सुटला. तासाभरानं थांबलो तेव्हा तिघंही घामाघूम. ही कुणाची नक्कल नव्हती, हे आमचं होतं. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

कुठं शिकलास म्हणून विचारलं. आजोबांकडून, ते गावी हलगी वाजवायचे, एवढंच सांगून तो तारा आवरायला लागला. मी पुढं विचारलं नाही.

आता आमच्यात कसं, लग्नाच्या आधी विहिरीवरून पाणी आणायला वाजतगाजत जातात, त्यात घुमट वाजतं. माझ्या आजोबांचं घुमट, मातीच्या मडक्याला कातडं ताणलेलं, बाहेरच्या खोलीत क्रुसाखाली टांगलेलं आहे. आला-गेला त्याला मानानं हात लावतो. मला वाटलं, सगळ्यांकडे असंच असणार. रतनच्या आजोबांची हलगी बिचारी गावाकडं राहून गेली असेल. वांद्र्याची बॅण्डची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती, आणि डबा घेऊन स्टेजवर कसं जायचं? दादरला जाऊन मी खरी, कातड्याची हलगी आणली आणि रविवारी सकाळी थेट रतनच्या घरी गेलो. त्याला चकित करायचं होतं ना.

त्याचे वडील भाऊराव पोस्टात होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेपर. मला रतनशेजारी बसवून त्यांनी आत चहा सांगितला. मी कागद सोडून हलगी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"काका, तुमच्या वडिलांची आठवण. रतन स्टेजवर हीच वाजवणार. मग भिंतीवर लावा, झकास दिसेल."

आतला स्टोव्हचा आवाज बंद झाला. भाऊराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"माझा बाप ही वाजवत गावाच्या वरातीपुढं चालायचा," ते म्हणाले. "आणि जेवायला उकिरड्यापाशी बसायचा. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तेव्हा म्हाताऱ्यानं आपल्या हातानं हलगी चुलीत घातली. त्याच्यासारखी पंचक्रोशीत कुणी वाजवत नव्हतं." मग रतनकडे वळले. "तुला वाजवायची असली तर वाजव. मी अडवणार नाही."

रतननं हलगीला हात लावला नाही. चहा आला, तो मी कसाबसा संपवला. निघताना भाऊरावांनी हलगी नीट कागदात बांधून माझ्या हातात दिली.

त्यानंतर रतन आलाच नाही. शेवटी मी वर्कशॉपवर गेलो. चुकलो म्हटलं, हलगी राहू दे, तुझा डबाच वाजव, पाया पडतो. त्याचा तार गुंडाळणारा हात थांबला नाही.

"बाबा घरी नसले की म्हातारा दोन काड्या घेऊन पाटावर वाजवायचा," तो म्हणाला. "दार लावून. का लावतो ते मला कधी कळलं नाही रे. आता कळलंय."

"पण काका तर अडवत नाहीत ना?"

"म्हणूनच."

स्पर्धेला बेनेडिक्टनं वांद्र्याचा एक ड्रमर आणला, त्याच्या अख्ख्या सेटसकट. आम्ही पुन्हा तीच नक्कल वाजवली. रतननं आदल्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून पाठवला होता, जरासुद्धा खरखर नव्हती. आमचा भिकारपणा शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला. तिथंच तो उभा होता. आजूबाजूचे लोक ठेक्यावर टाळ्या देत होते, याचे दोन्ही हात खिशात. दुसरं गाणं संपायच्या आत निघून गेला. त्यानंतर आम्ही कधी वाजवलं नाही.

हलगी मी खाटेखाली सरकवली होती. साफसफाईत ती माझ्या आईला सापडली. तिला काय माहीत? तिनं ती पुसून क्रुसाखाली, घुमटाशेजारी टांगली. पाहुणे हात लावून विचारतात, ही कुणाच्या आजोबांची? कितीदा वाटतं, उतरवावी आणि जाळून टाकावी. पण जाळायचा हक्क त्या म्हाताऱ्याचा होता, माझा नाही.