कैलासाचे खडे

बर्फ पेटला! हार्ट्झच्या डोंगरातला तो धबधबा जानेवारीच्या थंडीने जागच्या जागी गोठलेला, आणि त्याच्या पायथ्याशी बर्फातून हातभर पिवळी ज्वाळा उठली. हॅनोव्हरहून बायकापोरांसह सहलीला आलेली मराठी मंडळी, एरवी जर्मन साहेबाच्याही चुका काढणारी, पटापट गुडघे टेकून बसली.

"हर हर महादेव!" आत्माराम महाराज गरजले. झोळीतले खडे बर्फात टाकून, वर थर्मासातलं तीर्थ ओतून त्यांनी नुकतीच पेटती आरती ओवाळली होती. "अमरनाथ इथं आलाय, बाळांनो! तुम्ही व्हिसा काढून आलात, तो विनाव्हिसा आला!"

विभावरी तेवढी उभी राहिली. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. माणसांचा हिशेबही ती तसाच ठेवी. बसलेल्यांत सर्वांत पुढे तिचा नवरा शिरीष, गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर. शेजारी पुण्याहून आलेल्या सासूबाई. दोघांच्या मध्ये आठ वर्षांची देवश्री, नाक दाबून.

"पापा, दास श्टिंक्ट!"

"देवाला वास येतो म्हणू नये गं," आजीने दटावलं.

देवश्रीला गेल्या उन्हाळ्यात मधुमेह निघाला होता; जन्मभर इन्शुलिन टोचावं लागणारा. तेव्हापासून शिरीषची झोप उडाली होती. त्याचं दुःख खरं होतं. महाराजांनी नेमकं तेच हेरलं.

"या पोरीची सुई आज सुटली," ते म्हणाले. "ते यंत्र शिवाला अर्पण करा. हे तीर्थ पाजा आणि पोटभर गूळपोळी खाऊ घाला. यापुढे टोचायचं नाही!"

शिरीषने पिशवीतलं इन्शुलिनचं पेन काढलं आणि बर्फात खोचलं.

विभावरी पुढे धावली. "अरे, ते गोठलं की फुकट गेलं! आणि इन्शुलिनशिवाय गूळपोळी म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ आहे."

"विभा, डोळ्यांनी बघतेयस ना? बर्फ जळतोय!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" उल्हासदादांनी मान डोलावली. महाराज त्यांच्याच घरी उतरले होते, त्यामुळे भक्तीत त्यांचा नंबर वरचा.

सासूबाईंनी ज्वाळेखालचं राखाडी पाणी वाटीत घेतलं आणि नातीच्या तोंडाजवळ नेलं.

"आई, थांबा!" विभावरीने वाटीवर हात ठेवला. वास आता तिच्या नाकात शिरला. लसूण कुजल्यासारखा. तिच्या वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा होता. कच्चे आंबे घाईने पिकवायला शेजारचे गाळेवाले पेट्यांत कागदाच्या पुड्या खुपसत. त्या पुड्यांचा हाच वास. ज्वाळेवरून काजळी उडत होती. स्वच्छ बर्फावर काळे ठिपके पडले होते.

"महाराज, तीर्थ थर्मासात कशाला?"

"गंगा आहे ती, मुली. गोठू नये म्हणून."

"आणि बर्फात टाकलेले खडे?"

"कैलासाचे! पापी हातात मात्र दगडच राहतात."

"बघू या माझं पाप किती ते." महाराज झोळी आवरेपर्यंत तिने झोळीतून एक खडा उचलला, सगळ्यांना मागे सरकवलं, चहाचा कागदी पेला दूर बर्फात ठेवला आणि खडा आत टाकला. चहा फसफसला. लांब काटकीचं टोक आरतीवर पेटवून तिने ते पेल्याजवळ नेलं आणि मंत्राच्या चालीवर जर्मनीतले कचरा वेगळा करण्याचे नियम म्हणाली, "पिवळ्या पिशवीत प्लास्टिक, निळ्या डब्यात कागद, स्वाहा!"

भप्पकन ज्वाळा उठली.

"घ्या! माझ्या चहातही आला महादेव, दूधसाखरेसकट. कार्बाइड आहे हे. पाणी लागलं की गॅस सुटतो. जळतो तो गॅस, बर्फ नव्हे. थंडीत पटकन पेटावं म्हणून गंगा गरम!"

"आल्झो, म्हणजे..." उल्हासदादा सावकाश उठले. "बागेतल्या घुशी पळवायला मी हे बिळात टाकतो. डबा हलका लागला, तर बायकोला बोललो! महाराज, तुम्ही माझा डबा...?"

"विज्ञान ही त्याचीच लीला," झोळीला गाठ मारत महाराज पुटपुटले.

"घुशींचं औषध माझ्या नातीला पाजायला निघाला होतात?" सासूबाईंनी वाटी त्यांच्या पायाशी उपडी केली. महाराज पायवाटेने भराभर खाली निघाले. गुडघ्यांवरचा बर्फ झटकत मंडळी एकमेकांना सांगू लागली, "मला आधीच शंका होती हं." विभावरीने एकेकाकडे बघितलं. तिला ज्वाळेच्या वासाहून या वाक्याची किळस जास्त आली.

शिरीषने पेन उपसलं. आतलं औषध गोठू लागलं होतं; ते आता निकामी. विभावरीने स्वेटरच्या आतून, अंगाच्या उबेत जपलेलं दुसरं पेन काढलं.

"ब्रेक तपासल्याशिवाय तू गाडी रस्त्यावर सोडत नाहीस," ती हलकेच म्हणाली. "आणि हिचं औषध एका ज्वाळेवर सोडलंस?"

साखर तपासून, मात्रा दोनदा बघून शिरीषनेच देवश्रीला टोचलं. मग तिने आईने मोजून दिलेला गूळपोळीचा तुकडा खाल्ला.

दुःखात हात आपोआप जोडले जातात, त्यात लाज नाही. पण जोडण्याआधी विचारा: खडे कशाचे? थर्मास कशाला? उत्तराऐवजी जो तुमचं पाप काढतो, त्याची झोळी उघडून बघा. आणि लेकराचं औषध कुणाच्याही पायाशी ठेवू नका.